भाऊंच्या फ्लेक्सवरचे सत्तेचाळीस सेकंद

सेकंद १ ते ४७ : पहिल्यांदा पाहिले तेव्हा

भाऊ हसतात. कपाळावर टिळा, गळ्यात बोटाएवढी चेन, डोक्यावर 'वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा'. खाली तीन रांगांत तेहतीस शुभेच्छुक, पासपोर्ट फोटोएवढे, सगळ्यांचे हात जोडलेले. वारा आला की फ्लेक्स फुगतो आणि भाऊंचे गाल फुगतात. मागून आवाज येतात. घोषणा, शिट्टी, कोणीतरी किंचाळतं, पत्र्यावर काहीतरी टण्णकन आपटतं. भाऊ हसतच राहतात.

अठ्ठेचाळिसाव्या सेकंदाला कॅमेरा रस्त्यावर परत येतो. रस्त्यावर चपला पडल्या आहेत. खूप चपला. माणसं नाहीत.

मधे काय झालं

हेच तर कोणाला माहीत नव्हतं. कॅमेरा ज्याच्या हातात होता त्यालाही नाही.

तो देवीदास. अकोल्याच्या जुन्या शहरातला लग्नाचा शूटिंगवाला. मोठा मोर्चा असला की पोलीस बाहेरचे शूटिंगवाले बोलावतात, कारण बंदोबस्ताचं चित्रण ठेवावं लागतं आणि तेवढे कॅमेरे त्यांच्याकडे नसतात. अठरा फेब्रुवारीला अमरावतीत भरतीच्या पोरापोरींचा मोर्चा होता. परीक्षेचा निकाल दोन वर्षं अडकला होता. आठेक हजार जण चौकात आले. देवीदास पोलिसांच्या गाडीशेजारी स्टुलावर उभा होता. पाच वाजून दहा मिनिटांनी मोर्चाचं तोंड आणि बंदोबस्ताची रांग एकमेकांना भिडली, आरडाओरडा झाला, आणि देवीदासचं मनगट आपोआप उजवीकडे वळलं. उजवीकडे रेलिंगला भाऊ बांधलेले होते.

कोणी त्याला सांगितलं नाही, कोणी धक्का दिला नाही. मनगट वळलं, बस.

सवय

वीस वर्षांपूर्वी अकोटच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामाला फेटा बांधायचा राहून गेला. मामा स्टेजवर चढला, नवरीच्या काकाची कॉलर धरली, मांडवाची एक बल्ली खाली आली. देवीदास तेव्हा नवा होता. त्याने सगळं शूट केलं, अगदी जवळून. महिन्याने दोन्ही घरं सीडी पाहायला एकत्र बसली, आणि फेट्यावरून पुन्हा जुंपली. नवरी आठ महिने माहेरी राहिली. तिच्या आईने देवीदासच्या दुकानात येऊन ती सीडी काउंटरवर ठेवली आणि एवढंच म्हणाली, "तुले तिकडंच पाह्याचं होतं काय रे बाबा?"

तेव्हापासून भांडण लागलं की फुलं. स्टेजवरची फुलं, हार, लायटिंग, जे असेल ते. वऱ्हाडातला कोणताही शूटिंगवाला असंच करतो आणि कोणी कोणाला ते शिकवत नाही.

चौकात फुलं नव्हती.

चर्चा

चित्रण कुठून तरी बाहेर आलं आणि आठ दिवस भाऊ सगळ्या चॅनलांवर हसले.

"पोलिसांनीच कॅमेरा वळवायला लावला. लहान लेकराले बी समजते."

"दगड आधी आला, म्हणून काठी उठली."

"काठी आधी उठली, म्हणून दगड आला."

"आठ हजारांसमोर एकशे वीस पोलीस. तुम्ही असता तर काय केलं असतं? आरती?"

"पाण्याचा मारा करायचा होता." "अमरावतीत प्यायला पाणी नाही साहेब."

"सूचना तीन वेळा दिली होती." "ऐकली कोणी?" "आम्ही दिली." "मी विचारतोय ऐकली कोणी."

"कमरेखाली मारायचं असतं ना? मग पोरीच्या डोक्याला सात टाके कसे?"

"वाकली असेल."

"तो शूटिंगवाला पकडा आधी."

कोचिंग क्लासच्या गल्लीतल्या चहावाल्याने लहान कपाचं नाव 'सत्तेचाळीस' ठेवलं. दोन सत्तेचाळीस द्या, असं पोट्टे म्हणू लागले. अकोल्यात लोक देवीदासच्या दुकानापुढून जाताना मान आत घालून पाहत. कोणाला तो विकला गेलेला वाटे, कोणाला घाबरलेला. त्याने खरं सांगून पाहिलं. दोघं हसले, तिसऱ्याने विचारलं, खरं सांग ना राजा.

आरोपी क्रमांक चार

मार्चमध्ये अकोटच्या एसटीने एक मुलगी आली. कपाळावर केसांच्या रेघेशी ताजा व्रण, हातात प्लास्टिकची फाईल. नाव प्रणाली, वय तेवीस. पोलीस भरतीचं मैदान झालेलं, लेखी झालेली, नाव यादीत लागायच्या बेतात. आणि मोर्चाच्या गुन्ह्यात आरोपी क्रमांक चार. पाच वाजून दहा मिनिटांनी, पोलिसांनी काठी उचलण्याच्या आधी, तिने दगड मारला आणि शिपायाचा गाल फुटला, असं कागदावर होतं. नोव्हेंबरात चारित्र्य पडताळणी व्हायची. तोवर हा गुन्हा नावावर राहिला तर यादीतून नाव जाणार होतं. पुढच्या भरतीत वय बसत होतं, पण गुन्हा तिथेही आडवा आलाच असता.

"काका, मी ते शूटिंग दोनशे येळा पाह्यलं," ती म्हणाली. "भाऊच्या मिशीचे केस मोजता येते मले आता."

देवीदासची बायको जमुना हसली. दुकानातलं एडिटिंग तीच करायची. मागच्या खोलीत संगणकासमोर तिची खुर्ची होती. "बस वं. पाणी पे आधी."

"पाणी मंग. काका, तुमी तिथंच होते. माह्या हातात दगड होता काय?"

"मी फ्लेक्स पाहून राह्यलो होतो, बाई."

"सत्तेचाळीस सेकंद?"

"हाव."

"डोळा इकडंतिकडं नाही गेला?"

"एक डोळा कॅमेऱ्यात असला का दुसरा मिटलेला रायते. तसीच सवय हाय."

देवीदासला वाटलं, आता ही रडेल नाहीतर शिव्या देईल. दोन्ही झेलायची त्याची तयारी होती. पण ती खुर्ची ओढून पुढे सरकली.

"मले खरंच पाह्याचं हाय काय झालं ते," ती म्हणाली. "मी खाली मान घालून उभी होती ना. काठी लागली तवा समजलं. आमाले क्लासमधी शिकवते, आधी सूचना, मंग वेळ, मंग कमीत कमी बळ, अन् ते बी कमरेखाली. पाच मार्काचा प्रश्न हाय. मले चार भेटले होते. एक मार्क कायचा गेला, ते त्या दिवशी समजलं."

"तरी बी पोलीसच व्हायचं हाय?" जमुनाने विचारलं.

"हाव. मी त्या बाजूनं उभी असती तं काय केलं असतं, हे बी मले पाह्याचं हाय."

"अन् दगड?"

"कोन्या हातानं मारू काकू? दोन्ही हात वर होते. घड्याळ होतं ना."

घड्याळ म्हणजे कूलरच्या खोक्याचा कापलेला गोल. परातीपेक्षा मोठा. त्यावर बारा आकडे ब्लेडने कोरून काढलेले, आरपार. काटे नाहीत. निकालाची वेळच येत नाही, असा त्याचा अर्थ. कॅमेरा वळण्याच्या अगदी आधी ती दिसत होती, गटाराच्या गोल झाकणावर उभी, डोक्यावर ते घड्याळ. तिथून पुढे भाऊ.

सरकारी बाजूचं म्हणणं साधं होतं. त्या सत्तेचाळीस सेकंदांत तिने घड्याळ टाकलं आणि दगड घेतला. तसं झालं नसेल, तर पुरावा दाखवा.

जमुनाची खोड

जमुनाने चित्रण मोठ्या पडद्यावर लावलं. देवीदासला ते पाहवत नव्हतं. तो दारात उभा राहून मोर्णेच्या पुलाकडे जाणाऱ्या ऑटोंकडे पाहत होता.

लग्नाच्या एडिटिंगमध्ये सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे सावली. नवरा-नवरी स्टेजवर उभे, मागे पांढरा पडदा, आणि त्यावर कोण्या आत्याच्या अंबाड्याची सावली. गिऱ्हाईक म्हणतं ती काढा. जमुनाने अशा हजारो सावल्या पुसल्या होत्या. माणसं चेहरे पाहतात, ती चेहऱ्यांमागचा पडदा पाही.

"थांबा," ती म्हणाली. "भाऊच्या हनुवटीवर काय हाय?"

"दाढी असन," देवीदास दारातूनच म्हणाला.

"दाढी हालते काय? अन् दाढीले भोकं असते काय? इकडं या तुमी."

सगळा महाराष्ट्र भाऊंचं तोंड पाहत बसला होता. पण फ्लेक्सचं तोंड पश्चिमेला, वेळ पाच दहाची, आणि कलता सूर्य गर्दीच्या पाठीमागे होता.

सेकंद १ ते ४७ : दुसऱ्यांदा

तीन. भाऊंच्या हनुवटीवर एक गोल सावली येऊन थांबते. गोलाच्या कडेने उजेडाचे बारा तुकडे. गोलाखाली दोन उभ्या रेघा.

नऊ. डावीकडून हेल्मेटं. शुभेच्छुकांची पहिली रांग झाकली जाते.

चौदा. गोल जागच्या जागी.

एकोणीस. एक लांब बारीक सावली उठते, भाऊंच्या टिळ्यावरून जाते, खाली येते.

एकवीस. पुन्हा.

तेवीस. गोल कलतो. उजेडाचे तुकडे एकेक करून विझतात.

पंचवीस. गोल नाही. दोन रेघा डोक्याच्या सावलीवर आडव्या.

चौतीस. पत्र्यावर टण्ण. पहिला दगड.

सत्तेचाळीस. फ्लेक्सवर कोणाचीच सावली नाही. भाऊ हसतात.

प्रणालीने ते तीनदा पाहिलं. चौथ्यांदा तिने पडद्यावर बोट ठेवलं, पंचविसाव्या सेकंदावर. "हे मी हाय," ती म्हणाली. आणि मग पाणी प्यायली.

दोन चांगल्या गोष्टी

संघपाल हे प्रणालीचे वकील. लाठीमाराची सरकारी चौकशी सुरू व्हायच्या आधी ते अमरावतीहून मुद्दाम आले. सावल्या पाहून त्यांनी टाळी वाजवली, मग हळूच म्हणाले, "देवीदासभाऊ, कॅमेरा वळवायला तुम्हाला कोणीतरी खूण केली असेल ना? एखाद्या साहेबाने? नीट आठवून पाहा. तसं असेल तर केस फारच सोपी होते."

दुसऱ्या दिवशी बंदोबस्ताचं काम देणाऱ्या साहेबांचा फोन. "देवीदास, गर्दी रेटत होती ना? धक्का लागला असंल. तेवढंच सांग, बाकी काही नको. दिवाळीनंतर तीन मोर्चे हायेत, तुझंच नाव लिवलं हाय."

दोघांनीही त्याला त्याच्या गोष्टीपेक्षा चांगली गोष्ट दिली होती. त्याच्याकडे होतं ते लाजिरवाणं. आठ हजार माणसांसमोर हातात कॅमेरा घेऊन उभा असलेला माणूस, आणि त्याने अकोटच्या एका फेट्यामुळे तोंड फिरवलं.

जमुना संगणकावरची नजर न काढता म्हणाली, "धक्का लागला म्हनसान, तं भाऊ हालले काहून नाही, इचारतीन. अन् हालले असं ठरलं, तं पोरीची सावली बी हालली, गेली कामातून. खूण केली म्हनसान, तं कोनं, इचारतीन, अन् सगळंच शूटिंग बनावट ठरवतीन. सवय म्हनसान, तं निस्ते हासतीन. हासू द्या."

शेजारचे मोरोपंत हे ऐकत होते. निवृत्त भूगोल शिक्षक, देवीदासकडे पेपर वाचायला येत. सावल्या पाहिल्यापासून त्यांची झोप उडाली होती. त्यांनी गच्चीवर काठी रोवून तिची सावली खडूने आखायला सुरुवात केली होती आणि सूनबाई कपडे कुठे वाळत घालू म्हणून विचारत होती.

"एक गोष्ट सांगतो," मोरोपंत म्हणाले. "ती सावली पुन्हा पाडता येईल. हुबेहूब. पण वर्षातून एकदाच."

चौकशी

सप्टेंबर. अमरावती, एका सरकारी कचेरीतली खोली. टेबलामागे चौकशी अधिकारी मॅडम, समोर दोन वकील, मागच्या बाकांवर प्रणाली, जमुना, मोरोपंत. कोपऱ्यात कामकाजाचं चित्रण करायला बडनेऱ्याचा एक शूटिंगवाला उभा, नाव सुगत. देवीदासने त्याला एकदोन लग्नांत पाहिलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली.

प्रश्न : कॅमेरा कोणाच्या सांगण्यावरून वळवला?

उत्तर : कोणाच्याच नाही.

प्रश्न : गर्दीचा धक्का लागला?

उत्तर : नाही. मी स्टुलावर होतो. स्टूल गाडीला टेकलेलं होतं.

प्रश्न : मग?

उत्तर : सवय.

प्रश्न : कसली सवय?

उत्तर : लग्नात भांडण झालं की आम्ही फुलं घेतो.

(खोलीत हसणे.)

प्रश्न : ते लग्न होतं का?

उत्तर : नाही, मॅडम.

प्रश्न : तुम्हाला सरकारने चित्रण करायला उभं केलं होतं. नेमकं जे चित्रित करायचं तेच तुम्ही सोडलं. ही तुमची सवय आहे, हे आम्ही कसं मानायचं?

उत्तर : मले नाही माहीत. हाय तेच सांगून राहिलो.

सरकारी वकील उठले. म्हणाले, साक्षीदार उघड उघड खोटं बोलतो आहे, चित्रणात छेडछाड आहे, या सावल्या संगणकावर काढल्या आहेत, यांच्या घरी एडिटिंगच चालतं. संघपाल उठले. म्हणाले, मूळ कार्ड त्याच दिवसापासून तुमच्या ताब्यात आहे, छेडछाड केली असेल तर तुम्ही केली. सरकारी वकील म्हणाले, आवाज खाली. संघपाल म्हणाले, काठी खाली ठेवली असती तर आवाजही खाली राहिला असता. मग दोघंही एकदम बोलू लागले, एक फाईल टेबलावरून घसरली, कोणाचा तरी पेला लवंडला.

मॅडम दोघांकडे पाहत नव्हत्या. त्या कोपऱ्याकडे पाहत होत्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "तुम्ही. काय घेताय?"

सुगत दचकला. त्याचा कॅमेरा खिडकीच्या पडद्यावर होता. पडद्यावर पिवळी फुलं छापली होती.

"काही नाही मॅडम. म्हणजे... ते भांडण लागलं ना."

कोणी कोणाला हसावं हे कोणाला कळेना. देवीदासने मान खाली घातली. त्याला आपलीच चोरी दुसऱ्याच्या खिशातून निघाल्यासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचं थोडं वाईट.

मॅडमनी लिहून घ्यायला सांगितलं : सदर सवय अस्तित्वात असल्याचे चौकशी अधिकाऱ्याने समक्ष पाहिले. मग म्हणाल्या, "मूळ कार्डावर सावल्या आहेत, तपासणीत ते आलं आहे. पण सावली कोणाची, हे राहतंच. त्या झाकणावर उभ्या असलेल्या माणसाची सावली भाऊंच्या हनुवटीवर पडते, का दुसऱ्याच कोणाची?"

मागून मोरोपंत शाळेत हात वर करतात तसा हात वर करून उभे राहिले. "चोवीस ऑक्टोबर," ते म्हणाले. "सायंकाळी चार चाळीस. अठरा फेब्रुवारीला सूर्य जिथे होता तिथे परत येतो."

"घटना पाच दहाची आहे," सरकारी वकील म्हणाले.

"घड्याळ सरकारचं असतं. सूर्य त्याचा त्याचा चालतो. फेब्रुवारीत तो घड्याळाच्या चौदा मिनिटं मागे असतो, ऑक्टोबरअखेर सोळा मिनिटं पुढे. चौदा आणि सोळा किती?"

मॅडमनी तारीख लिहिली.

चोवीस ऑक्टोबर

फ्लेक्स आता राहिला नव्हता. कधीच उतरवून कोण्या टपरीवर ताडपत्री म्हणून गेला होता. पण छापणाऱ्याकडे फाईल होती. तेव्हा सरकारी पत्र देऊन भाऊंचा वाढदिवस पुन्हा छापून घेतला आणि त्याच रेलिंगला त्याच उंचीवर बांधला. चौकातून जाणारे लोक थांबत होते. एकाने मोटारसायकल स्टँडवर लावून विचारलं, "भाऊचा वाढदिवस सालातून दोनदा?"

"चौकशी हाय," शिपाई म्हणाला.

"भाऊची?"

"सावलीची."

"असं," तो म्हणाला, आणि गेला नाही. थोड्या वेळात दोनशे माणसं जमली. क्लासची पोट्टी, फळवाले, साध्या कपड्यातले पोलीस, वर्दीतले पोलीस. आठ महिने जे भांडत होते ते एका रांगेत उभे राहून फ्लेक्सकडे पाहत होते. देवीदास त्याच जागी, स्टुलावर. मॅडमनी त्याला सांगितलं होतं, या वेळी फ्लेक्सच घ्यायचा.

प्रणालीने नवं घड्याळ केलं होतं, त्याच मापाच्या खोक्याचं. ती झाकणावर चढली. समोरच्या जागी काठी घेऊन कोण उभं राहणार, यावर वर्दीतल्यांची थोडी कुजबुज झाली. शेवटी हवालदार डोमाजी पुढे आले. निवृत्तीला दोन महिने राहिलेले. त्या दिवशी ते बंदोबस्ताला नव्हतेच, परतवाड्याला होते.

चार पस्तीसला ढगाचा एक तुकडा आला. सगळ्यांनी वर पाहिलं, जणू तोही आरोपी आहे. अडतीसला गेला.

"आता," मोरोपंत म्हणाले.

प्रणालीने दोन्ही हातांनी घड्याळ वर धरलं. भाऊंच्या हनुवटीवर गोल सावली उतरली. बारा तुकडे. दोन रेघा. जमुना चित्रणातून काढलेला छापील फोटो घेऊन फ्लेक्सजवळ गेली, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "बोटभर बी इकडंतिकडं नाही," ती म्हणाली.

गर्दीतून एक मोठा 'ओऽऽ' निघाला. त्यात पोलीसही होते.

"काठी," मॅडम म्हणाल्या.

डोमाजींनी काठी घेतली आणि गुडघ्याच्या रेषेत आडवी आणली. फ्लेक्सवर काहीच दिसलं नाही. काठीची सावली फ्लेक्सच्या खालच्या कडेखाली, रेलिंगच्या पायथ्याशी पडली होती.

"सावली दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"आमाले असंच शिकवलं हाय मॅडम. कमरेखाली."

सरकारी वकील चष्मा पुसू लागले.

"थोडी वर घ्या."

डोमाजींनी काठी खांद्याशी आणली. आता दिसली, शुभेच्छुकांच्या दुसऱ्या रांगेत अडकलेली, एका जोडलेल्या हातांच्या फोटोवर आडवी.

"अजून," मॅडम म्हणाल्या. डोमाजींनी वीतभर उचलली आणि थांबले. समोर तेवीस वर्षांची पोरगी दोन्ही हात वर करून उभी होती आणि तिच्या कपाळावरचा व्रण त्यांना तिथून स्वच्छ दिसत असणार.

"काका," प्रणाली म्हणाली. "अजून वर. त्या दिवशी वर होती."

डोमाजींनी काठी डोक्याच्या वर नेली. ती भाऊंच्या टिळ्याला लागली.

जमुनाने फोटो सावलीशेजारी धरला आणि मान डोलावली. दोन पंच, एक केळीवाला आणि एक बँकेतला कारकून, जवळ जाऊन पाहून आले. मॅडमनी शांतपणे सांगायला सुरुवात केली आणि लिपिक लिहू लागला : झाकणावर उभ्या व्यक्तीच्या दोन्ही हातांची सावली एकोणिसाव्या सेकंदाच्या चित्राशी जुळते. काठीची सावली डोक्याच्या वरून नेल्याशिवाय त्या जागी येत नाही. पहिला दगड त्यानंतर पंधरा सेकंदांनी.

"मॅडम," प्रणालीने विचारलं, "मंग माहं नाव?"

"अहवाल शुक्रवारी जाईल. क्रमांक चारबद्दल यात जे लिहिलं आहे तेच त्यात असेल. पडताळणीच्या आधी पोहोचेल, मी पाहते. हात खाली घ्या आता."

तिने घड्याळ उतरवलं. पोट्टे तिच्याभोवती जमले, कोणी पाठीवर थाप मारली, कोणी तिच्या आईला फोन लावला. मोरोपंत सरकारी वकिलांना चौदा आणि सोळाचा हिशेब पुन्हा समजावून देत होते, आणि ते खरंच लक्ष देऊन ऐकत होते. काठीचा हुकूम कोणी दिला, सूचना कोणाला ऐकू गेली, यावर गर्दीत पुन्हा चार गट पडले.

देवीदासचा डोळा अजून कॅमेऱ्यात होता. फ्लेक्सवरून गोल सावली गेली होती, पण बारीक लांब सावली तशीच टिळ्यावर उभी होती, जरा हलत. त्याने दुसरा डोळा उघडला.

डोमाजी जागेवरच होते. काठी वर, दंड ताठ, मानेवर घाम.

"मॅडम," ते म्हणाले, "मी खाली घेऊ काय? मले कोनं सांगतलंच नाही."